खुणेचा दोरा

आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं पाचव्या दिवशी,
कधी सहाव्या, आणि तेही रात्री अडीचला.
शास्त्र मात्र रोज. साडेआठला.
बातम्या संपल्या की पप्पा टीव्हीवर फडकं टाकायचे
आणि कपाटावरून बायबल उतरवायचे,
काळ्या पुठ्ठ्याचं, कण्याला चादरीच्या सुतानं शिवलेलं.
आत खुणेला लाल दोरा,
मिलमधून कधीतरी खिशातून आलेला.

जिथे दोरा, तिथून पुढे.
निवडायचं नाही, एवढाच नियम.
"ताटात पडेल ते खायचं," म्हणायचे,
"शेंगाचटणी असो, नाहीतर कोरडी कडक भाकरी."

मिल बंद झाली त्या दिवशी
गेटवर नोटीस, घरात आई स्टोव्हपुढे गप्प.
मला वाटलं, आज तरी पानं उलटतील,
धीराचं एखादं स्तोत्र काढतील.
दोरा होता नावांच्या यादीत.
अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा फलाणा,
जीभ अडखळेल अशी साडेतीन पानं.
त्यांनी एक नाव गाळलं नाही.
मी नववीत होते.
माझ्या बापाचं, शांतवन रणभिसेचं, नाव
त्याच दुपारी मस्टरवरून गेलेलं,
आणि हा माणूस कुणाकुणाची हजेरी घेत बसलाय!
आमेन म्हटलं आणि तांब्या मुद्दाम आपटला.

पुढे मीही लागले अक्कलकोट रोडला,
टॉवेलच्या कारखान्यात, चेकिंगला.
ट्यूबलाइटखाली कापड ओढायचं, दोष हुडकायचे.
सुटलेला धागा कोऱ्या कापडात दिसत नाही,
खळ झाकून घेते.
पहिल्या धुण्यात उघडा पडतो.
हे मला पप्पांनी नाही सांगितलं,
रिजेक्टच्या ढिगानं सांगितलं.
सासरहून बॅग घेऊन परत आले
ते माझं पहिलं धुणं.
वाचन सोडून तेव्हा चार वर्षं झाली होती.
"का आलीस?" कुणी विचारलं नाही.
साडेआठ वाजले, पप्पांनी फडकं टाकलं, सतरंजीवर जरा सरकले.
माझ्यापुरती जागा झाली.

खरं सांगू? पुष्कळ रात्री काही होत नाही.
शब्द कानावरून जातात, पंखा फिरतो,
एप्रिलची भिंत रात्रीही तव्यासारखी.
मी जांभई गिळते.
तरी वाचते.

आता काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले.
ते ऐकतात, मी वाचते.
परवा दोरा आला मंडपाच्या पडद्यांवर.
ओव्हरटाइम झालेला, पाय सुजलेले,
मी हळूच अर्धं पान ओलांडलं.
"थांब, सुवार्ता. अकरा पडदे राहिले."
"कुठले?"
"बकऱ्यांच्या केसांचे. तू थेट फळ्यांवर गेलीस."
आणि चादरीवर बोटं टेकवून हिशोब मांडला:
अठ्ठावीस हात लांबी, चार हात पन्हा,
निळं सूत वेगळं, किरमिजी वेगळं,
ताणा किती, बाणा किती, माणसं किती लागली असतील.
"लोक एवढंच गाळतात बघ," म्हणाले,
"पण देवाला विणकाम कळतं,
हे मला दुसरं कोण सांगणार होतं?"
चाळीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस
आंधळ्या डोळ्यांनी हसत होता.

तेवढ्यात नळ फुसफुसला.
पावणेनऊला! गल्लीभर एकच आरडाओरडा, बादल्या, मोटारी.
"जा, भर," म्हणाले. "दोरा ठेव."
पिंप भरलं, घागरी भरल्या, शेजारच्या यल्लव्वाचा हंडाही भरला.
अर्ध्या तासानं आले तर
ते तसेच बसलेले, मान किंचित पुढे,
जणू मी नुसता श्वास घ्यायला थांबले होते.
पान धरलं तर ओल्या अंगठ्याचा ठसा उठला,
मस्टरवर उठतो तसा.
पुसायला गेले, कागद सुटेल म्हणून सोडून दिलं.

"अकरावा," पप्पा म्हणाले.
मी मागे गेले, बकऱ्यांच्या केसांपाशी,
आणि वाचू लागले: पन्नास बिरडी,
पन्नास आकडे.